टेक इनचा पाढा

मी पदवीधर झालो यात माझा काहीच हात नाही. सगळं श्रेय वसमतच्या गणपतराव गुरुजींचं. त्यांनी मला घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि डोलत डोलत, मोठ्यानं म्हणायला लावून तिसापर्यंतचे पाढे पाठ करून घेतले. पुढे हैदराबादेत उर्दूतून बी.ए.सुद्धा मी डोलतच झालो.

संस्थान भारतात विलीन झालं आणि आमच्या कचेरीतल्या उर्दू फायली एकदम इंग्रजी बोलू लागल्या! मद्रासहून नवे साहेब आले. ते प्रत्येकाची इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणार. नापास होईल त्यानं गावची गाडी धरायची. साहेब हमखास 'टेक इन' विचारतात, अशी शेजारच्या टेबलावरून खबर आली. मी कोशातून पाच अर्थ काढले आणि त्यांचा पाढा केला. (अभ्यासाची दुसरी पद्धत मला येतच नव्हती.) 'टेक इन एके आत घेणे, टेक इन दुणे आसरा देणे, टेक इन त्रिक कपडा आत घेऊन शिवणे, टेक इन चोक उमगणे, टेक इन पंचे फसवणे!'

नल्लकुंट्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळ-संध्याकाळ हाच घोष. बायको त्या तालावर पोळ्या लाटू लागली. आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आत्याचा मात्र इंग्रजीवर भरवसा नव्हता. साहेबाला जेवायला बोलाव, म्हणाली. घरचं अन्न खाल्लेला माणूस नोकरी काढून घेत नाही.

रविवारी साहेब आले. अंगात ऐसपैस कोट. पाच पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाले, आता परीक्षाही इथेच उरकून टाकू. मी घाईघाईनं त्यांना आणखी वरण वाढायला निघालो!

त्यांनी इंग्रजीत विचारलं, शिंप्याच्या कामात 'टेक इन'चा अर्थ काय? किती सोपं! पण सतरा आठे विचारलं तर सतरा एकेपासून निघणारा मी माणूस. डोळे मिटले, डोलायला लागलो.

"टेक इन एके..."

"फक्त शिंप्याचं सांगा," साहेब मध्येच मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले.

झालं! गाडी परत मूळ स्टेशनावर. दुसऱ्यांदा दुण्यापर्यंत पोचलो, तर त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? पुन्हा एके. चौथ्या खेपेला बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

तेवढ्यात दारात तांदूळ निवडत बसलेल्या आत्यानं सूप खाली ठेवलं. जन्मात इंग्रजी अक्षर न पाहिलेली बाई दखनीत म्हणाली, "साब, वो तिसरा है. कोट ढीला हुआ तो दर्जी टेकिन करता. तुमारा बी करना पडता, देखो."

साहेबांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. मी मनातल्या मनात वसमतचं तिकीट काढलं. मग साहेब असे हसले, की माझ्यासाठी आणलेलं पाणी त्यांनाच पाजावं लागलं! सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेईन, म्हणाले. तोवर नोकरी राहील, शिकवणारं माणूस घरात आहेच.

त्याच दिवशी मी गुरुजींना पत्र टाकलं:

'तीर्थस्वरूप गुरुजींचे चरणी साष्टांग नमस्कार. नोकरी शाबूत आहे. गावातला पहिला इंग्रजी जाणणारा म्हणून आपण माझा सत्कार ठरवल्याचे कळले. शाल तेवढी नऊवारीवर शोभेल अशी घ्यावी. आत्याला घेऊन येतो.'