राखणदार पेशी आणि गुळवेल

फुलवंताचा एसजीपीटी चौदाशेच्या वर गेला होता. यकृताला मार बसला की रक्तातला हा आकडा वाढतो. तो साधारण चाळीसच्या आत असावा. तिचे डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. तीन महिन्यांपूर्वी हीच पोरगी माझ्या गोंदियाच्या ओपीडीतून हसत गेली होती, जवळजवळ नॉर्मल रिपोर्ट घेऊन.

"गोळ्या बंद केल्या ना?" मी तिच्या वडिलांना विचारलं. आवाज चढलाच.

"नाई जी म्याडम," सोमाजी म्हणाले. "एकबी खाडा नाई. मी सोता देऊन राहिलो."

"दुसरं कुठलं औषध?"

"नाई जी."

माझा विश्वास बसला नाही. मी रिकाम्या स्ट्रिप्स मागवल्या आणि सिस्टरला मोजायला लावल्या. एकही गोळी चुकली नव्हती.

फुलवंताला ऑटोइम्यून हिपॅटायटिस होता. आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. या आजारात ती आपल्याच यकृतावर उठते. तसं होऊ नये म्हणून शरीरात काही पेशी असतात, रेग्युलेटरी टी-सेल्स. त्या स्वतः लढत नाहीत, लढणाऱ्यांना आवरतात. त्या कमी पडल्या किंवा कामचुकार झाल्या, की कुंपणच शेत खातं. आम्ही स्टिरॉइड आणि अॅझाथायोप्रिन देऊन सगळीच प्रतिकारशक्ती दाबतो. फक्त आवरणाऱ्या पेशी वाढवता येतील का, यावर संशोधन चालू आहे. मला लिहून देता येईल असं अजून हाती आलेलं नाही.

हे सगळं मी सोमाजींना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला समजावून सांगायची भारी हौस. "शरीरात राखणदार पेशी असतात. तुमच्या पोरीच्या कमी पडल्या," असं मी म्हणाले होते.

"मंग त्या वाढवाचं औषध द्या ना जी."

"तसं औषध अजून निघालं नाही."

त्यांनी मान डोलावली. माणसाला समजलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले होते.

आता तिला अॅडमिट केलं आणि स्टिरॉइडचा डोस वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले, तर सोमाजी एका हाताने तिची मान धरून दुसऱ्या हाताने पेल्यातून काहीतरी पाजत होते. ती तोंड वाकडं करत होती.

"हे काय आहे?"

"गुळवेल जी. काढा हाय."

"काल विचारलं तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तुमी औषध इचारलं. हे औषध थोडी होय, जंगलातली वेल हाय."

मग सगळं बाहेर आलं. देवरीकडच्या त्यांच्या गावात लोक गुळवेल तोडून, वाळवून विकतात. घेणारा व्यापारी म्हणाला होता, हिच्यानं प्रतिकारशक्ती वाढते. "तुमीच म्हनलं, राखणदार कमी हायेत, औषध नाई. मंग आमी घरचीच वेल उकडली. सकाळ-संध्याकाळ, दोन महिने."

गुळवेल आवरणाऱ्यांना निवडून वाढवत नाही, ती लढणाऱ्यांना चेतवते. असा आजार असलेल्याला म्हणजे आगीत तेल. गुळवेलीने यकृत बिघडलेले पेशंट आम्हा डॉक्टरांना चांगले माहीत आहेत.

नागपूरच्या लिव्हरतज्ज्ञाला फोन लावला. आकडे ऐकून तो म्हणाला, "ट्रान्सप्लांटशिवाय वाचणार नाही. आजच हलव."

दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवावा लागेल, असं सोमाजींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "माहं चालते काय?" अॅम्ब्युलन्समध्ये ते तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. तिकडे त्यांचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या पूर्ण व्हायच्या आधीच, चौथ्या दिवशी, फुलवंता गेली. बावीस वर्षांची होती.

पंधरा दिवसांनी सोमाजी ओपीडीत आले. नंबर लावून बसले होते. आत येऊन खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "खरं सांगा म्याडम. गुळवेलीनं मेली काय?"

आजारच वाईट होता, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "बहुतेक हो. पण चूक माझी. राखणदाराची गोष्ट मी सांगितली, आणि घरचा काढा देऊ नका एवढं सांगायचं राहिलं."

ते म्हणाले, "तुमी सांगतलं असतं तं नसती पाजली जी. ते पोरगी रडे, मी नाक दाबून पाजो."

रागाचा एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर मी पुढचा पेशंट दहा मिनिटं आत घेतला नाही.

आता अशा आजाराचा नवीन पेशंट आला की मी आधी घरी चुलीवर काय काय उकळतं ते विचारते, आणि काय प्यायचं नाही ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेते. पेशींचं नंतर, वेळ उरला तर.