कटरबाईंनी दाखवलेली रेघ

कटरबाईंचं खरं नाव आमच्या हजेरीवहीत आहे, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या अठ्ठावीस वर्षं कापड कापत होत्या. लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या कटरने सगळे थर एका दमात कापायचे. कटर सुताएवढा जरी सरकला तरी चाळीस सदरे वाया. त्यामुळे बाईंना दोन सवयी लागल्या होत्या. हात चालू असताना त्या बोलत नसत, आणि आखलेली रेघ दोनदा बघितल्याशिवाय पुढे जात नसत.

चित्रं काढायला त्यांनी चोपन्नाव्या वर्षी सुरुवात केली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कामावरून आल्यावर बाई त्यांच्या उशाशी बसत. सासूबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे बोलणं असं फारसं उरलं नव्हतं. एकदा पिशवीत कारखान्यातला तपकिरी कागद आणि खडूचा तुकडा निघाला, तर बाईंनी समोरचा चेहराच काढून बघितला. मग रोज काढू लागल्या. सासूबाई गेल्या तेव्हा असे साठ-सत्तर कागद जमले होते. त्यातला एक त्यांनी नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ बघून म्हणाला, "छान आहे. कोण आहेत या?"

"तुमच्या आई."

हा किस्सा बाई स्वतःच सांगत आणि सांगताना हसत. पण त्याच आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या.

आमच्याकडे म्हणजे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. मी तिथे कारकून आहे. रविवारी सकाळी नऊला मी वरची खोली उघडतो आणि चित्रांची हौस असलेली आठ-दहा माणसं जमतात. त्यांत एक दाताचे डॉक्टर आहेत, मीही आहे, पण कलेचं रीतसर शिक्षण कोणाचंच झालेलं नाही. ज्याने-त्याने आपलं चित्र भिंतीलगतच्या फळीवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. हा शिरस्ता नकाशेकाकांनी घालून दिला. काकांनी बांधकाम खात्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले होते, तेही सगळे हाताने. त्यांचा नियम असा की 'छान' हा शब्द या खोलीत उच्चारायचा नाही. "छान म्हटलं की आपली सुटका होते, समोरचा मात्र तिथेच राहतो," असं ते म्हणत. चूक दिसली तर उठून चित्रापाशी जायचं, नेमक्या जागी बोट ठेवायचं, काय दिसतंय ते सांगायचं आणि परत येऊन बसायचं. काढणाऱ्या माणसाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

बाईंनी पहिल्या दिवशी निजलेल्या सासूबाईंचं चित्र फळीवर ठेवलं. काका उठले. उशीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बाई निजलेली नाही. उभ्या बाईला आडवं केलंय. डोक्याचा भार उशीवर आलेला मला दिसत नाही."

बाईंचा चेहरा पडला. ते चित्र त्यांनी सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी काढलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या चित्र गुंडाळून निघून गेल्या आणि पुढचे तीन रविवार फिरकल्या नाहीत. दाताचे डॉक्टर काकांना म्हणाले, "जरा सबुरीने घ्यायला हवं होतं." काका म्हणाले, "हो, कदाचित." पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

चौथ्या रविवारी बाई आल्या त्या एकोणीस चित्रं घेऊन. सगळी उशीची. नवऱ्याला उशीवर डोकं ठेवायला लावून, मग उठवून, खळगा बघून काढलेली. काकांनी ती एकेक करून खिडकीपाशी नेली. वीस मिनिटं गेली असतील. मग त्यांनी एक कागद बाजूला काढला आणि म्हणाले, "ही." बाई मान हलवून म्हणाल्या, "मलाही तीच वाटली होती."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. जमलं म्हणजे गप्पा मारत बसले असं नाही. काका चूक दाखवत, बाई घरी जाऊन तेच पुन्हा काढत. हळूहळू बाईही बोलू लागल्या. त्यांचं बोलणं दोन वाक्यांचं असे, पण ते ऐकायला मी माझं चित्र मुद्दाम त्यांच्या समोर येईल असं ठेवत असे.

अशी दोन वर्षं गेली. काका त्र्याहत्तर वर्षांचे झाले. त्या सुमाराला ते वाचनालयाचा जिना काढत होते. कठडा, पायऱ्या, वरची खिडकी, सगळ्या सरळ रेघा, आणि त्याही पट्टी न लावता मारलेल्या. ती त्यांची शान होती. एका रविवारी मी त्यांचं चित्र फळीवर ठेवताना बघितलं, तर कठड्याची लांब रेघ मधोमध किंचित फुगली होती. मी नजर फिरवली. पुढच्या रविवारी खिडकीची चौकट तशीच. दाताचे डॉक्टर थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "यात एक वेगळीच लय आहे." दुसरं कोणीतरी म्हणालं, "छान आलंय." त्या खोलीत तो शब्द उच्चारला गेला आणि कोणी हरकत घेतली नाही. काकांनीही नाही. आम्ही सगळे तोंडात मूग गिळून बसलो. एका म्हाताऱ्या माणसाला काय दुखवायचं, असा आमचा विचार. तो दयेचा आहे असं आम्हाला वाटत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी मात्र माझ्याकडे काकांची मागची पाच चित्रं मागितली. ती कपाटात असत. त्यांनी ती जमिनीवर ओळीने मांडली आणि उकिडव्या बसून बघत राहिल्या.

मी म्हणालो, "राहू द्या ना, बाई. वय झालंय त्यांचं."

"भाऊ, वयाने हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "इथे कुठे थरथर दिसते का तुम्हाला? हात ठाम आहे. रेघ वाकडी आहे. आणि बघा, दर वेळी मधोमध, एकाच बाजूला."

मी पाचही चित्रं पुन्हा बघितली. ते खरं होतं.

त्या रविवारी सगळे गेल्यावर बाई मागे थांबल्या. काका पेन्सिली डब्यात भरत होते. मी खिडक्या लावत होतो. बाई चित्रापाशी गेल्या आणि कठड्यावर बोट ठेवलं.

"काका, ही रेघ इथे फुगली आहे."

काकांनी वर बघितलं. "नाही."

"आहे. पाचही चित्रांत आहे."

"मी तपासून घेतली आहे. आधी वाकडी आली होती, मी ती सरळ केली."

बाईंनी पिशवीतून कापड आखायची पोलादी पट्टी काढली आणि रेघेवर ठेवली. फुगवटा पट्टीबाहेर आला. काका वाकून बघू लागले. खूप जवळून बघितलं. मग म्हणाले, "तुमची पट्टी वाकडी आहे."

बाईंचा आवाज खाली आला. "काका, ही पोलादाची आहे. मी रोज हिच्यावर कापड आखते."

काकांचा चेहरा लाल झाला. "छत्तीस वर्षं मी सरळ रेघा मारल्या. आता सदरे कापणाऱ्यांकडून शिकायचं मी." माणसाबद्दल बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. तो त्यांनी मोडला आणि मोडल्याचं त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते डबा तिथेच टाकून जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. गोष्ट सगळ्यांना कळली होती. दाताचे डॉक्टर बाईंना म्हणाले, "काय गरज होती हो?" बाईंनी आपलं चित्र फळीवर ठेवलं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिथे मीही जाऊन बसलो नाही. आज हे लिहिताना लाज वाटते.

मधल्या एका मंगळवारी बाईंनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि काकांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. हे सगळं मला पुढे काकांच्या सुनेने सांगितलं. सुनेने दार उघडलं. म्हणाली, "बरं झालं आलात. आठ दिवस झाले, बाबा कोणाशी धड बोलत नाहीत." काका आतल्या खोलीत दाराच्या चौकटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. एक डोळा हाताने झाकायचे, मग दुसरा.

बाई डबा टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या.

"डावा झाकला तर मधलं पुसल्यासारखं दिसतं," काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "उजवा झाकला तर चौकट वाकते. तुमची पट्टी वाकली होती, तशीच."

"केव्हापासून?"

"कोणास ठाऊक. मला वाटलं चष्मा बदलायला झालाय."

"घरात सांगितलंत?"

काकांनी पुन्हा उजवा डोळा झाकला. सून दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, निदान मला तरी सांगायचंत," एवढंच ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "चपला घाला, काका. आत्ताच जाऊ."

सूनही सोबत गेली. नेत्रालयात बराच वेळ बसावं लागलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. डावा डोळा त्याचं काम करत राहिला म्हणून कळलं नाही. आता डाव्यालाही सुरुवात झाली होती. त्यात इंजेक्शनं देऊन आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करता येईल. अजून दोन-तीन महिने असेच गेले असते तर तेही अवघड झालं असतं. "तुमच्या कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "माझ्या नाही आलं. यांनी दाखवलं."

परतीच्या रिक्षात काका बाईंना म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते वाईट होतं." बाई म्हणाल्या, "हो, होतं." आणि पुढे दोघंही घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

डावा डोळा टिकला. पूर्ण नाही; वाचायला भिंग लागे आणि बारीक रेघ दिसत नसे. चार महिन्यांनी काका जिना चढून आले तेव्हा त्यांनी कागद आणला नव्हता. कोपऱ्यात बसले. "मी ऐकायला आलोय. दिसल्याशिवाय बोलणार नाही," म्हणाले. बाई उठल्या, फळीवरच्या माझ्या चित्रापाशी गेल्या आणि ते शब्दांत सांगू लागल्या. विहिरीवर वाकलेली बाई. हातात दोर. दोर ताणलेला. पाय जवळजवळ.

"पाय जवळजवळ?" काकांनी मधेच विचारलं. "मग ती पडेल. बादली भरलेली आहे ना?"

मी चित्राकडे बघितलं. खरंच, ती पडली असती.

काका त्यानंतर तीन वर्षं येत राहिले. बाई सांगत, ते ऐकत आणि विचारत. त्यांचे प्रश्न अवघड असत, कारण उत्तर देण्यासाठी चित्र पुन्हा नीट बघावं लागे. बाईंची स्वतःची चित्रं त्या तीन वर्षांत जेवढी सुधारली तेवढी आधी कधी सुधारली नव्हती. काका एका सकाळी झोपेतच गेले. त्यांच्या मागे त्यांच्या खोलीत शेवटच्या दिवसांतली चित्रं सापडली. जाड कोळशाने, मोठ्या कागदावर काढलेली, नुसते काळे-पांढरे आकार. सुनेने ती बाईंच्या स्वाधीन केली. बाईंनी ती फळीवर लावून आम्हाला बोलायला सांगितलं. एकेक जण उठून गेला, बोट ठेवून बोलला. दोन चित्रं खरोखर चांगली होती. बाकीची नव्हती, आणि आम्ही तसं सांगितलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी बाईंना म्हणालो, "कठड्याची ती रेघ मला तुमच्याही आधी दिसली होती."

"माहीत आहे," त्या कागद गुंडाळत म्हणाल्या. "चित्र लावताना तुम्ही तिच्याकडे बघून मान फिरवलीत. तुम्ही सांगाल म्हणून मी दोन आठवडे थांबले होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. मी कपाटाला कुलूप लावलं. त्यांनी दोरा बांधून गुंडाळी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी काय आणताय?"