गिरणीवाल्या पणजोबांचं नाक

माझ्या मुलीचं नाक मोठं आहे. हे मी बाप असून म्हणतोय, त्यावरून बाहेरचे काय म्हणत असतील ते समजावं. सहावीपर्यंत तिला त्याचं काही वाटत नव्हतं. सातवीत वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितलं की तू जिन्यावर वळायच्या आधी तुझं नाक वळतं. तेव्हापासून ती फोटो काढताना अगदी समोर बघू लागली, कारण समोरून ते जरा कमी दिसतं.

आमच्याकडे या दुखण्यावर घरगुती औषध आहे. ते म्हणजे तिचे पणजोबा. ‘अगं, हे साधं नाक नाही. सायखेड्यात पहिली पिठाची गिरणी ज्यांनी आणली त्यांचं नाक आहे.’ माझी आई हे म्हणायची, मग बायको म्हणू लागली, आणि मीही म्हणत आलो. गिरणी आणण्यात नाकाची नेमकी काय मदत झाली असावी, हे मात्र मी कोणाला विचारलं नाही.

पणजोबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या घराण्यात काहीतरी पहिल्यांदा करणारे ते एकटेच. त्यांच्यानंतर कोणी तसली तसदी घेतली नाही, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर आला आहे. नाशिकहून इंजिन बैलगाडीत घालून ते निघाले, गोदावरीच्या वाळूत गाडी रुतली, आणि ती ओढून काढायला चार बैल लागले, असं मी लहानपणी ऐकलं. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, हल्ली आठ बैल सांगतात. इंजिन दर पिढीत जड होत गेलं आहे.

तर शाळेने प्रकल्प दिला, ‘माझ्या घराण्याचा वारसा’. पहिल्या पानावर पूर्वजाच्या फोटोसाठी चौकट होती. एरवी प्रकल्प हा आमच्याकडे आईबापांनी करायचा प्रकार, पण हा तिने कोणी न सांगता हातात घेतला. कारण उघड होतं. फोटोत ते नाक सापडलं की ते चौकटीत चिकटवून वर्गात फिरवता येणार होतं.

आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे. फेटा, पांढऱ्या मिशा, चंदनाचा हार. ती खुर्चीवर चढली, मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

“बाबा, हे नाक माझं नाही.”

ते खरोखरच तिचं नव्हतं. सरळ, आखूड, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेलं नाक होतं.

“जुना फोटो आहे,” मी म्हणालो. “झिजला असेल.”

“फोटोतलं नाक झिजतं?”

मी म्हणालो की गावी दुसरे फोटो आहेत, रविवारी जाऊ.

गावी आमची तीन घरं आहेत, आजोबांच्या तीन मुलांची. थोरल्यांचं दादांकडे, धाकट्यांचं माझ्या धाकट्या चुलतभावाकडे, आणि मधलं, म्हणजे आमचं, कुलूप लावलेलं. वाटणीपासून तिन्ही घरांत बोलणं आहे, पण ते ओट्यापर्यंत. चहासुद्धा ओट्यावर येतो. एकमेकांच्या देवघरापर्यंत मोठ्यांपैकी कोणी गेलेलं नाही. लहान मुलांना ही बंदी नसते. त्यामुळे मी दादांच्या ओट्यावर बसलो आणि मुलगी आत गेली.

दादांचं खतांचं दुकान आहे आणि फलकांवर ते ज्येष्ठ समाजसेवक असतात. गावाच्या वेशीवर ते आजोबांचा अर्धपुतळा बसवणार होते. त्यांनी मला निमंत्रणपत्रिकेचा मसुदा दाखवला. वर लिहिलं होतं, ‘सायखेड्याच्या औद्योगिक क्रांतीचे जनक’. त्या क्रांतीत एक इंजिन, एक पट्टा आणि दोन दगड होते, पण मी शुद्धलेखन तेवढं तपासून दिलं.

मुलगी बाहेर आली, शेजारच्या धाकट्या घरात गेली, तिथूनही बाहेर आली. तिच्यामागोमाग धाकटा भाऊही ओट्यावर आला. तिने मोबाइलवर तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. फेटा तोच, मिशा त्याच, आणि माणसं तीन. एक गोल चेहऱ्याचा, एक हडकुळा, एक आमचा.

“हे कोणाचे फोटो?” दादांनी विचारलं.

“पणजोबांचे. तुमच्या घरातले, काकांच्या घरातले आणि आमच्या.”

दादांनी चष्मा पुसला. “खरा आमचाच. थोरल्याकडेच असतो खरा.”

“दादा, तुमच्यातला माणूस गिरणीच्या दारातून आत तरी जाईल का?” धाकटा म्हणाला.

“आणि तुमच्यातला? पंखा लावला तर पिठाबरोबर उडेल तो.”

“मूर्तिकाराला आमचाच द्यायचा. नायतर पुतळ्यात आमची वर्गणी नाय.”

मुलगी अजून मोबाइलकडेच बघत होती. “हे दादाकाकांसारखे दिसतात,” ती म्हणाली. “हे काकांसारखे. आणि आमच्यातले बाबांसारखे.”

“मग? दिसणारच,” दादा म्हणाले. “रक्त आहे.”

“पण नाक? यातलं एकही माझ्यासारखं नाही. मग माझं कोणाचं आहे?”

दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “कळवणच्या आत्यांना विचारा की. आजोबांना पाहिलेलं कोण राहिलंय आता, त्याच एकट्या.”

आत्या म्हणजे आजोबांची लेक. कळवणला दिलेली. नव्वदीला टेकली आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा ती पडवीत खाटेवर बसून शेंगा फोडत होती. तिचं नाक मी जन्मभर पाहत आलो होतो, तरी त्या दिवशी ते नव्याने पाहिलं. मुलगी तिच्याकडे बाजूने बघत होती आणि ती मुलीकडे. बराच वेळ दोघींना माझी गरज भासली नाही.

मग मुलीने फोटोंची गोष्ट काढली.

“त्याचा कुठला फोटो,” आत्या म्हणाली. “फोटोवाला आला की बाप इंजिनामागं जाऊन बसायचा. आयुष्य कमी होतं म्हणायचा.”

“मग हे कोण आहेत?”

आत्याने मोबाइल हात लांब करून धरला. एक पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“हा थोरला भाऊ माझा. हा धाकटा. आणि हा तुझा बाप,” ती मला म्हणाली. “फेटा घालून बसलाय.”

मग तिने नीट सांगितलं. आजोबा गेले, वर्षभरात वाटणी झाली, भावांचं बोलणं बंद. भिंतीला बापाचा फोटो तर हवा. तेव्हा नाशकात एक पेंटर होता, वारलेल्या माणसांचे फोटो रंगवून देणारा. तिघे भाऊ एकमेकांना न सांगता त्याच्याकडे गेले. पेंटरने विचारलं, वडील दिसायला कसे होते? तिघांनीही तेच सांगितलं, अगदी माझ्यासारखे. मग त्याने एकेकाला समोर बसवून रंगवलं आणि मिशा पांढऱ्या केल्या.

मी हिशोब जुळवत होतो. म्हणजे दर पितृपक्षात मी आजोबा समजून वडिलांना हार घालत होतो. ते एक वेळ ठीक. पण वडील होते तोवर हार तेच घालायचे. डोळे मिटून, हात जोडून, पाटावर उभं राहून, स्वतःलाच. आणि आम्हाला मागून सांगायचे, नीट नमस्कार करा.

“मग पणजोबा खरे कसे दिसायचे?” मुलीने विचारलं.

“पीठ,” आत्या म्हणाली. “भुवयांवर पीठ, कानात पीठ. सणाला आंघोळ करून बसला की आम्हा पोरांना वाटायचं, हा कोण पाहुणा आलाय.”

“आणि नाक?”

हा प्रश्न तिने इतक्या हळू विचारला की मी शेंगा खायचा थांबलो.

“त्याचं? एवढुसं. गुंडीसारखं.”

मुलीचा चेहरा उतरला. घरगुती औषध तिथल्या तिथे संपलं होतं. आत्याने शेंगांची पाटी बाजूला सारली आणि स्वतःच्या नाकाला बोट लावलं.

“हे नाक आईचं हाय. माझं बी आणि तुझं बी.”

“ती काय करायची?”

“ती?” आत्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. “अगं, गिरणी आणली ना बापानं, पण दळण कोण देतंय? इंजिनाचं पीठ पोटात गरम पडतं, असं गावात उठवलं होतं कोणीतरी. चार महिने इंजिन नुसतं फुकफुक करायचं. चालू असलं की बाप शेजारी झोपायचा, बंद पडलं की त्याला शिव्या घालायचा. मग आई घरोघर गेली. बायांना म्हणाली, एक डबा द्या, पोट दुखलं तर मी स्वतः जात्यावर दळून देईन. डोक्यावर न्यायची, दळून परत आणून द्यायची. लय चालली. कोणाचं पोट दुखलं नाय आणि कोणी पुन्हा जात्याला हात लावला नाय.”

घराण्यात मोठं नाक दिसलं, म्हणजे ते आत्याच्या बापाचंच असणार, असं आम्ही तिन्ही घरांनी ठरवून टाकलं होतं. तिला आईही असेल, ही शंका घराण्यात पहिल्यांदा त्या पडवीत आली.

तेवढ्यात दादांचा फोन आला. मी तो आत्यासमोर धरला.

“आत्या, फोटो कोणता खरा?”

“एक बी नाय.”

“मग पुतळ्याला तोंड कुठून आणू? पाहुणे ठरलेत.”

“तोंड कोणाचं बी लाव. फेटा आणि मिशा दिसल्या की लोक हार घालतात. नाक मात्र या पोरीचं लाव.”

“आजोबांचं नाक असं होतं?”

“त्यांना तू पाहिलंय का मी?” आत्या म्हणाली आणि मला फोन बंद करायची खूण केली. मग मुलीकडे वळून म्हणाली, “आईचा पुतळा काय कोणी बसवायचा नाय. नाक तरी बसू दे.”

मला वाटलं होतं की धाकटं घर हरकत घेईल, कारण मुलगी मधल्या घराची. पण धाकट्याने विचार करून होकार दिला. मुलगी उद्या लग्न होऊन जाणार, तेव्हा तिचं नाक कोणत्याच घराचं धरता येत नाही, असं त्याचं म्हणणं. दादांनाही ते पटलं. आमच्या तिन्ही घरांचं इतकं एकमत मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

प्रकल्पाच्या चौकटीत मुलीने आत्याचा बाजूने काढलेला फोटो चिकटवला आणि खाली डबा डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या पणजीची हकीकत लिहिली. बाईंनी लाल शाईत शेरा मारला, ‘पूर्वज हयात नसतो’, आणि गुण कापले. तिने त्याचं फारसं मनावर घेतलं नाही.

“वर्गातल्या त्या जिन्यावाल्या मुलाला सांगितलं का, नाक कोणाचं ते?” मी विचारलं.

“सांगितलं. त्याला त्याच्या पणजीचं नावसुद्धा माहीत नाही.”

मी विषय बदलला. माझ्या पणजीचं मलाही माहीत नाही.

मग आम्ही मूर्तिकाराकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये मातीचा पुतळा ओलं फडकं पांघरून उभा होता. फडकं काढलं तर फेटा, मिशा, उपरणं सगळं तयार, गाल तिन्ही घरांना थोडे थोडे वाटून दिलेले, आणि मध्ये नाकाच्या जागी नुसता सपाट गोळा. त्याने मुलीला स्टुलावर एका बाजूला तोंड करून बसवलं, कंपास लावून मापं घेतली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग हळू आवाजात मला म्हणाला, “साहेब, पुतळ्यात नाक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. घरचे लोक बहुतेक थोडं कमी करायला सांगतात. करू का?”

त्याने कितीही हळू विचारलं तरी शेड लहान होती.

“काका, कमी नका करू,” मुलगी मान न हलवता म्हणाली. “आहे तेवढंच करा.”

मूर्तिकाराने तिच्याकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग परत तिच्याकडे.

“मग अजून माती आणावी लागेल,” तो म्हणाला आणि घमेलं घेऊन आत गेला.