जपान्याच्या पायाखालची माती

पेडण्यात त्याला सगळे जपानीच म्हणतात. गोव्यातल्या क्लबात खूप वर्षं खेळला, आपल्या गोलापुढे उभा राहायचा आणि समोरच्याला पुढे जाऊच द्यायचा नाही, हे मला घोवाने लग्नानंतर शिकवलं. मी सावंतवाडीकडची, आठवीत शाळा सुटलेली, मला फुटबॉल काय कळतो. गुडघा गेला तसा त्याने खेळ सोडला, पण जपानला परत गेला नाही, मोरजीत राहतो, पोरांना शिकवतो. मासळीवाल्या बायका त्याच्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकतात. माझा घोव रेतीचा टिपर चालवतो, टिपरात देवाच्या खाली याचा फोटो.

रविवारी आमच्या मैदानावर तो बक्षिसं द्यायला आला. घोवाने आमची आठ महिन्यांची पोर, आमचं चेडू, त्याच्या हातात दिलं. "बरें चेडू," तो कोंकणीत म्हणाला, सगळे हसले.

सोमवारी सकाळी चेडू तापलं, अंगावर पिईना.

"दिष्ट लागली गो," सासू म्हणाली. "परक्याची ती. जा, तेच्या पायाखालची माती घेऊन हाड, मीठ-मिरसांगेबरोबर ओवाळून चुलीत घालूया."

"आई, डॉक्टरकडे नेऊया ना."

"आधी माती हाड."

सासूवर कशाला ढकलू, मलाही तेच वाटत होतं. चेडू तिच्यापाशी ठेवलं आणि बस धरून मोरजीला गेले.

मैदान ओलं होतं, जपानी पोरांना खेळवत होता. तो चालत पुढे गेला, मी मागे बसून त्याच्या पावलाची माती रुमालात भरली. एका म्हाताऱ्याने पाहिलं.

"पळयात रे! पायाची माती घेता बायल! देवमाणूस तो!"

लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणी मोबाइल काढला. जपानी लाजला, हात जोडून वाकला. मग दुखरा गुडघा धरत खाली बसला, बूट काढला आणि तळाची माती स्वतः माझ्या रुमालात झाडली.

"चेडू बरें?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "बरें."

घरी माती चुलीत घातली. मिरचीचा ठसका आला नाही, सासू म्हणाली, बघ केवढी दिष्ट. ताप मात्र तसाच, चेडवाचा श्वास घरघरायला लागला, तेव्हा मी तिला उचललं आणि धावत सुटले. डॉक्टरीण म्हणाली, "छाती भरलीय. सकाळीच का नाही आणलं?" तिने चेडवाला लगेच इस्पितळात ठेवून घेतलं.

चौथ्या दिवशी चेडू प्यायलं. त्याच दिवशी, घोवाकडून कळलं तसा, जपानी संत्री घेऊन वॉर्डात आला. घोव त्याला मोबाइलवर फिरत आलेला, मी माती भरतानाचा फोटो दाखवून सांगत होता, बायकोची किती भक्ती तुमच्यावर. मला जमीन फाटली तर बरी असं झालं. खरं सांगायचं सोडून मी चेडू त्याच्यापुढे धरलं. परत दिष्ट लागेल म्हणून सासूने मागून चिमटा काढला. तो आधी हात धुऊन आला, मग त्याने तिला घेतलं.

तो तिच्याकडे बघून हसत होता, आणि मी, एवढं सगळं होऊनसुद्धा, मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.