तीनशे अळ्या आणि नानांची शेतीशाळा

ज्या वर्षी बोंडअळीविरुद्धची शेतीशाळा आमच्या अंगणात भरवायचं ठरलं, त्याच वर्षी मी आमच्या मागच्या खोलीत तीनशे अळ्या पाळल्या होत्या.

यात माझा हेतू वाईट नव्हता. मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या सरांनी वर्गाला सांगितलं होतं, "आता कॅनव्हास सोडा. जिवंत काहीतरी आणा. आपल्या मातीतलं." एकाने सरळ मातीच आणली. (त्याला मार्कही बरे पडले.) मी एका मैत्रिणीकडून एरी रेशमाच्या पतंगाची अंडी मिळवली. कागदावर चिकटलेले राजगिऱ्याचे दाणे म्हणा ना. तो कागद जेवणाच्या डब्यात घालून मी गावाकडे निघाले. विसरवाडीला बस थांबली तेव्हा सगळी गाडी चहाला उतरली आणि मी डबा मांडीवर घेऊन एकटीच बसून राहिले. शेजारच्या बाईंनी चढताना विचारलं, "घरचं जेवण का?" मी हो म्हणाले. एका अर्थी ते खरंच होतं, फक्त जेवणारे डब्यात होते.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. कपाशी, केळी आणि थोडा ऊस. माझे वडील, म्हणजे नाना, कपाशीवाले. बोलायला कमी, पण अळीचा विषय निघाला की गावातला कुणीही त्यांच्यापुढे बसून ऐकणार असा मान. मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमचं खालचं वावर पार पोखरलं होतं. नाना रोज एक बोंड फोडून आत बघायचे आणि मिटून परत ठेवायचे, जणू झाकलं की बरं होईल. तेव्हापासून त्यांनी गावभर कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावायचा हट्ट धरला होता. अशा माणसाच्या घरात तिसऱ्या दिवशी माझी अंडी फुटली.

नाना खोलीच्या दारात उभे राहिले. सुपात एरंडाची पानं, पानांवर काळ्या धाग्याचे तुकडे, आणि ते तुकडे चालत होते.

"हाई काय शे?"

"अळ्या, नाना."

"आपला वावरमा कमी पडनात का?"

"या कपाशीला हात लावत नाहीत. फक्त एरंड खातात."

नानांनी सुपातलं एक पान उचलून उलटं करून पाहिलं. "बोंडअळीबी सुरुवातले असंच सांगे," म्हणाले आणि निघून गेले.

पण त्यांनी सूप बाहेर फेकलं नाही. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

त्यानंतरचे दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. एरंड आमच्या बांधांवर आपोआप उगवतो; सकाळी मी पानं तोडून आणायची, ओल्या फडक्याने पुसायची, सुपांत पसरायची. दुपारी घर निजलं की खोलीत बसून राहायची. अळ्या वाढल्या, पांढुरक्या हिरव्या झाल्या, त्यांच्या अंगावर पिठासारखी भुकटी आली. त्या खायला लागल्या की एक आवाज यायचा. शेजारच्या खोलीत कुणीतरी फार सावकाश वर्तमानपत्र वाचतंय आणि पानं उलटतंय, असा. उन्हाचा एक चौकोन भिंतीवरून सरकत खाली यायचा, फरशीवर आडवा व्हायचा, विझायचा. मी वहीत माझ्या कलाकृतीची संकल्पना लिहायला बसायची. पहिलं वाक्य होतं, 'देह ही एक तात्पुरती मांडणी आहे.' दुसरं वाक्य महिनाभर आलं नाही. अळ्यांनी तेवढ्यात चार वेळा कात टाकली. माझ्या मनात यायचं, ह्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही हे का करता आहात, यामागची भूमिका काय. ह्या खातात आणि होतात. मग मी उठून चहा प्यायची, कारण असं काही सुचलं की मला लगेच भूक लागते.

माय पहिले आठ दिवस त्या खोलीत शिरली नाही. नवव्या दिवशी दारातून म्हणाली, "पाव्हनास्नं जेवन झायं का?" त्यानंतर ती रोज विचारायला लागली. माझं जेवण झालं का, हे मात्र त्या काळात कुणी विचारलं नाही.

एकदा घराजवळचा एरंड संपला. मी विचार करत बसले, आता लांब नाल्यापर्यंत जावं लागणार. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पानांचा मोठा भारा पडलेला.

"कुणी आणला, नाना?"

"वाटमा व्हता," नाना म्हणाले.

भारा दोरीने नीट बांधलेला होता. वाटेत असे भारे पडत नसतात.

त्याच दिवशी त्यांनी पहिल्यांदा आत येऊन स्टुलावर बसायचं धाडस केलं. मी समजावून सांगितलं. या कोष करतील, मी ते बांबूच्या चौकटीला टांगीन, भोवती पांढरं कापड लावून तंबू करीन. परीक्षेच्या दिवशी परीक्षक तंबूत शिरतील आणि त्यांच्यासमोर कोषांतून पतंग बाहेर येतील. पतंगाला तोंड नसतं, नाना. तो काही खातच नाही. चार-पाच दिवस जगतो आणि जातो. हे सगळं मी इतक्या हळव्या आवाजात सांगितलं की माझेच डोळे भरून आले.

नाना चौकटीकडे बघत होते. "यामा तू काढेल काय शे?"

"काढायचं काही नसतं. आता चित्र मांडतात."

"मंग चार वरीस शिकनी काय?"



अळ्यांनी ठरल्याप्रमाणे कोष केले. मी ते टांगले, कापड लावलं, कॅलेंडरवर दिवस मोजले. तीन आठवड्यांनी पतंग, आणि तीच परीक्षेची तारीख. सगळं बिनचूक जमलं होतं. फक्त त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली, भाद्रपद संपायच्या आतच ऊन तापलं, पत्र्याखालची खोली भट्टी झाली, आणि कोषांतल्या मंडळींनी कॅलेंडर पाहिलेलं नव्हतं.

शेतीशाळा परीक्षेच्या चार दिवस आधी होती. दिवेलागणीला अंगणात तीसेक शेतकरी जमले. कृषी सहायक साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट, हातात किडींच्या फोटोंची पुस्तिका. त्यांना प्रकाश सापळा दाखवायचा होता. तीन काठ्यांच्या तिवईला बल्ब टांगलेला, त्याखाली साबणाच्या पाण्याचा टब. पतंग उजेडाला येतात, पाण्यात पडतात, त्यांची अंडी टळतात. नाना नवी टोपी घालून साहेबांच्या शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा मी इतका उजळ फार कमी वेळा पाहिला आहे.

सतरंजी कमी पडली. दुसरी सतरंजी मागच्या खोलीत होती. माय ती आणायला गेली. तंबूचं कापड आडवं येत होतं म्हणून तिने ते वर खोवलं, सतरंजी बगलेत मारली आणि दोन्ही हात गुंतले असल्यामुळे दार तसंच उघडं ठेवून आली. (नंतर तिने सांगितलं, "काहीतरी फडफडनं, मी म्हनं पंखा शे." त्या खोलीत पंखा नाही.)

मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते.

"आता दहा मिनिटांत पतंग यायला लागतील," साहेब म्हणाले. "मात्र ते अगदी बारीक असतात. नीट निरखून पाहावं लागतं."

तेवढ्यात पहिला आला. तळहाताएवढा.

तो उडत आला असं म्हणणं बरोबर होणार नाही. एरी पतंगाला नीट उडता येत नाही. तो हवेत धडपडत, थांबत, वाट विसरल्यासारखा आला आणि बल्बवर टपकन आदळला. तपकिरी पंखांवर पांढऱ्या चंद्रकोरी.

आमच्या गल्लीतले रमणकाका पुढे सरकले. "सायेब, हाई बारीक शे का?"

साहेबांनी पुस्तिका उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेले, मग परत पहिल्या पानावर आले. तोवर दुसरा आला, तिसरा आला, आणि मग घराच्या कोपऱ्यावरून एकदम दहा-बारा.

"या पाखरूनी अळी कितली मोठी व्हई?" मागून कुणीतरी विचारलं. आता ही शंका रास्त होती. प्रत्येकाने मनात बोंडाचं माप घेतलं, पतंगाचं माप घेतलं, आणि चेहरे उतरले. एक जण बाजूला जाऊन फोनवर भावाला सांगायला लागला, "ब्राह्मणपुरीमा नवं पाखरू उतरनं शे. तू खिडक्या लाई ले." साहेब घाम पुसत फोटो काढत होते, तो फोटो तालुक्याला जाणार, तालुक्याहून जिल्ह्याला, हे त्यांच्या बोटांच्या घाईवरून दिसत होतं.

मी ट्रे धरून उभी होते. खरं म्हणजे मी ओरडून सांगायला हवं होतं. पण ज्या घरी कीड मारायला गाव जमलं आहे, त्या घरची मुलगी कीड पाळते आहे, हे तीस लोकांपुढे नानांच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बल्बचा उजेड काय सुंदर पडला आहे.

तेवढ्यात एक पतंग बल्बवरून घसरला आणि गरगरत टबाकडे निघाला.

नाना उठले. त्यांनी टब दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ओतला. बाजूला साहेबांचे नवे बूट होते.

"मारू नका," नाना म्हणाले. "मन्हा घरना शेतस."



"मन्ही आंडेरनी पाळेल शेतस," नाना रिकामा टब हातात धरून म्हणाले. त्यांनी मानेने लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे खूण केली. "कपाशीले यास्ना काही तरास नही. यास्ले तोंडच नही शे. चार-पाच दिन जगतस, त्याबी उपाशी."

रमणकाकांनी विचार केला. "खातस नहीत, मंग दिनभर करतस काय?"

"काही नही. बसतस."

"मन्हा जावाईसारखं," रमणकाका म्हणाले.

आधी एक जण हसला, मग सगळं अंगण हसलं, आणि हसण्याने हवा हलली म्हणून की काय, पतंग बल्ब सोडून माणसांवर उतरायला लागले. कुणाच्या टोपीवर, कुणाच्या गुडघ्यावर, एक साहेबांच्या खांद्यावर, एक उघड्या पुस्तिकेवर, अगदी बोंडअळीच्या फोटोवर. मग हसणं आपोआप थांबलं. इतका नाजूक पाहुणा अंगावर बसला की माणूस श्वासही जपून घेतो. तीस कपाशीवाले पाण्यातल्या सावल्यांसारखे स्तब्ध बसून राहिले. बल्ब हलत होता, चंद्रकोरी उघडत मिटत होत्या. नानांच्या नव्या टोपीवर तीन पतंग होते आणि ते मान न हलवता डोळे वर करून बघायचा प्रयत्न करत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चहा गार झाला एवढं खरं. तो पिण्यासाठी हात हलवायला कुणी तयार नव्हतं.

निघताना साहेब ओल्या बुटांनी हळूच म्हणाले, "ताई, तो फोटो मी पाठवला नाही."

परीक्षेच्या दिवसापर्यंत पतंग संपत आले होते. माझ्याकडे उरले भोकं पडलेले रिकामे कोष. मी रात्री रडले, सकाळी वहीतलं वाक्य बदललं, 'रिकामेपण हीच एक मांडणी आहे.' नानांनी टेम्पो ठरवला, चौकट दोरीने बांधली आणि स्वतः सोबत आले. कॉलेजात त्यांनीच तंबू उभा केला.

"नाना, आता परीक्षक येतील. तुम्ही काही बोलू नका," मी सांगितलं आणि हातपाय धुवायला गेले.

परत आले तर बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम आणि त्यांच्यासोबतचे सर आधीच पोचले होते. मी घाईघाईने सुरू केलं, "रिकामा कोष हा अनुपस्थितीचा..." सरांनी जांभई दाबली. मॅडमनी तंबूचं कापड वर केलं. आत, टांगलेल्या तीनशे कोषांच्या मधोमध, प्रवासाने थकलेले नाना स्टुलावर बसले होते.

"नमस्कार," मॅडम दचकून म्हणाल्या. "इथे काय झालं आहे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. पण बाईमाणसाने नीट विचारल्यावर गप्प बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या सुपापासून. सावकाश, आमच्याच बोलीत, अधूनमधून हाताचा पंजा पतंगासारखा हवेत धडपडत नेत. टोपीवरच्या तिघांची गोष्ट आली तेव्हा त्यांनी मान तशीच ताठ धरली आणि डोळे वर केले. मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. मग सर बसले. मग कापडाच्या कडेने बाकीच्या वर्गातली पोरं डोकावायला लागली. गोष्ट रमणकाकांच्या जावयाजवळ आल्यावर तंबू हसण्याने हलला.

माझ्या संकल्पनेचा कागद कुणी मागितलाच नाही.

सगळं आटोपल्यावर नाना टेम्पोची दोरी सोडायला बाहेर गेले. मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या खरोखर हेलावल्या होत्या.

"रिकाम्या कोषांमध्ये एका शेतकऱ्याला बसवायचं, त्याने त्याच्या बोलीतच बोलायचं, अभिनयाचा लवलेश नाही. समकालीन कलेत इतकं धाडस मी फार दिवसांनी पाहिलं. कुणाची कल्पना ही?"

खिडकीतून नाना दिसत होते, दाताने गाठ सोडवत होते.

"माझीच, मॅडम," मी म्हणाले.