कवटीवरची रेघ

जेवण झाल्यावर छापखान्यातल्या आरामखुर्चीत मी जरा टेकते. डोळे धड मिटत नाहीत, धड उघडे राहत नाहीत. मांडीवर जस्ताची प्लेट आहे आणि तिच्यावर कुंभोजकर सरांनी कोरलेली कवटी. सर गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांनी कोरायचं, मी छापायचं, अशी आमची कोल्हापुरातली जोडी होती, आणि त्यांच्या कवट्यांच्या मुद्राचित्रांना संग्राहकांत फार मागणी. ही शेवटची प्लेट. ठरलेल्या प्रती छापून झाल्या आहेत. आता रिवाजाप्रमाणे सुईनं तिच्यावर रेघ ओढून ती बाद करायची, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येणार नाही. संध्याकाळी गॅलरीचे लोक येतील तेव्हा ती रेघ दिसली पाहिजे, नाहीतर सरांचं शेवटचं काम परत जाईल. पण सुई घेतली की मी ती परत खाली ठेवते. कवटीचा पुढचा दात तुटका आहे, अगदी सरांचा होता तसा. सरांच्या तोंडावर ओरखडा कसा काढू?

"काय गं कालिंदी, झोपलीस व्हय?"

सर प्रेसच्या चाकाला टेकून उभे आहेत. मेल्यावर माणूस वाळत असेल अशी माझी समजूत होती. हे तर चांगले भरलेत. मी तसं म्हणते तर ते हसतात. मला भीती वाटत नाही, उलट विचारायचं इतकं साठलंय की कुठून सुरू करावं कळत नाही. आम्ही सगळे समजत होतो की सरांनी समोर ठेवून कोरायला मेडिकल कॉलेजातून कवटी आणवली होती. ती कुठे ठेवलीत, असं मी विचारते.

बघते तर सर आता सलूनच्या खुर्चीत बसलेत. गळ्याभोवती पांढरं कापड, समोर आरसा नाही, वस्तरा माझ्या हातात. ते सांगतात की त्यांनी कवटी कधी आणलीच नाही. डोळे मिटून तोंड चाचपायचं आणि बोटांना लागेल ते कोरायचं, एवढंच केलं. मी वस्तरा खाली ठेवते.

"म्हणजे तुमचीच आहे ही?"

"दात माझा. कपाळ आईचं. ल्हानपणी कपाळाला कपाळ घासायचो आम्ही."

"आणि तुमची खरी कवटी?"

"पंचगंगेत गेली की. तू आली हुतीस की घाटावर."

खरंच, गेले होते. सलूनची भिंत लांबत जाते आणि तिच्यावर आमची चित्रं लागलेली दिसतात. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं प्रत्येक चित्रापुढे थांबतात आणि नकळत स्वतःची हनुवटी चाचपतात. एक बाई गालाचं हाड दाबून बघतेय, मग कुणी पाहिलं नाही ना म्हणून वळते. जेवणाच्या टेबलासमोर कवटी टांगून लोकांना घास कसा गिळवतो, हे मला कित्येक वर्षांचं कोडं आहे. सर म्हणतात, त्यांना ती दुसऱ्याची वाटते म्हणून.

मला त्यांची फार आठवण येते. तसं मी सांगूनही टाकते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात, जिवंतपणी करायचे तसंच. मग माझ्या जबड्यावर अंगठा ठेवतात.

"चाक फिरवताना दात आवळतीस तू. रोज समोर बघायचो. जबडा तुझा हाय."

"माझा?"

"मग काय. रेघ हितनं सुरू कर. तुझंच हाड हाय, दुखायचं न्हाई."

मला अजून विचारायचं आहे, तिकडे गेल्यावर बोटांना काही लागतं का. पण भिंत उजळत जाते, आणि तो उजेड छापखान्याच्या खिडकीतला निघतो.

मी उठून मोरीवरच्या आरशात बघते. हात तर जेवणाआधीच रॉकेलनं धुतले होते, अजून स्वच्छ आहेत. जबड्यावर मात्र अंगठ्याएवढा काळ्या शाईचा ठसा आहे, माझ्या अंगठ्यापेक्षा रुंद. बोट लावलं तर शाई ओली लागते.

मी तो पुसत नाही. प्लेट टेबलावर ठेवते, सुई कवटीच्या जबड्यावर टेकवते आणि ओढते.

सर चुकले, दुखतं. रेघ मी त्यांच्या दातावरून त्यांच्या आईच्या कपाळापर्यंत नेते.