दसऱ्याचा टिळा

सुरतेहून सासरी फोन लावला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. भेस्तानच्या एका लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मी साधा कारागीर. पण गावी पोचलेली बातमी अशी की, जावयाला विचारल्याशिवाय शेठ मशीनवर सूत चढवत नाही. बातमी पोचवणारा अर्थात मीच. मेव्हण्याला खात्यात लावायला "माझा एक शब्द पुरे," असंही मी सांगून बसलो होतो. त्या शब्दाचं वजन बघायलाच सासरे दसऱ्याला येऊन धडकले.

दसऱ्याला खात्यात मशीनची पूजा असते. मी नवा पांढरा शर्ट घातला आणि माझ्या मशीनसाठी पदरच्या पैशांनी झेंडूचा जाडजूड हार घेतला. बायको आणि सासरे दाराशी उभे. शेठ ओल्या कुंकवाची वाटी घेऊन एकेका मशीनला टिळा लावत येत होता. माझ्यापाशी आला, हार बघून खूश झाला. मी हात जोडून पुढे झालो आणि मान वाकवली.

शेठचा अंगठा हवेतच थांबला.

"जरा खस ने, भाई."

मी बाजूला झालो. माझ्या पाठीमागच्या, माझ्याच मशीनला टिळा लागला. शेठनं तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "आ तो मारो कमाउ दीकरो छे!" कमावता मुलगा म्हणे ती! अंगठ्यावरून ओघळलेला कुंकवाचा थेंब तेवढा माझ्या शर्टावर पडला. मग सगळ्यांना फाफडा-जलेबी मिळाली. सासऱ्यांनी ती शांतपणे संपवली.

नवागामच्या खोलीवर परतताना बायको म्हणाली, "डाग निघेल हो. मान सरळ करा आता."

सासऱ्यांनी माझ्या शर्टावरचा डाग नीट बघून घेतला. मग म्हणाले, "जवाईबापू, मशीन मातर तुमनं भारी शे." आणि थोडं पुढे गेल्यावर, "मना पोऱ्या गावमाच बरा शे." मेव्हण्याची नोकरी तिथंच संपली.

वर्षानुवर्षं त्या मशीनवर सुताचा तार तुटला की मी हातातला चहा टाकून धावायचो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आपलंच खातं, आपलंच कापड, असं उगाच वाटायचं. दसऱ्यानंतर मी चहा पूर्ण प्यायला लागलो. वर बशीही चाटूनपुसून. पगार तेवढाच आला, कुणाला फरकही कळला नाही. राग त्याचाच जास्त आला.

कळलं ते कापडाला. दिवाळीच्या तोंडावर माझ्या कापडाच्या थानांत उभे पट्टे दिसायला लागले, तसा शेठ स्वतः आला. चेहरा काळजीनं उतरलेला. मला वाटलं, आता तरी विचारेल, बाबा, तुला काय झालंय?

त्यानं मशीनवर हात ठेवला. "शुं थयुं आने? दशेरा सुधी तो सरस चालतुं हतुं." विचारलं ते मशीनबद्दल; दसऱ्यापर्यंत छान चालायची ती.

"काय की, शेठ," मी म्हणालो, "मनाला लागलं असेल काही."

शेठनं गंभीरपणे मान हलवली आणि मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री पाने-पक्कड घेऊन आला. या खेपेला कुणी सांगायच्या आतच मी बाजूला सरकलो.